लॅबमधे आयपी फोन लावून राहिलो : रिंग वाजते पण आवाज नाई

हिंगणारोड_लॅब
(सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. नागपुरात हिंगणा रोडकडच्या एका कॉलेजात मी नेटवर्किंगची लॅब सांभाळते, कॉलेजचं नाव विचारू नका, नोकरी अजून कॉन्ट्रॅक्टवर आहे. दरवर्षी तिसऱ्या वर्षाची पोरं पॅकेट ट्रेसरमधे (सिस्कोचं नकली नेटवर्क दाखवणारं सॉफ्टवेअर) तीन फोन जोडतात, स्क्रीनवर रिंग आली की "झालं मॅडम" म्हणतात, मी जर्नलवर सही करते अन् विषय संपतो. यंदा ठरवलं की खरे फोन, खरा आवाज. लॅबमधे बसून एका पोराने बोलायचं अन् दुसऱ्या टेबलावरच्या पोट्टीने ऐकायचं.

सामान असं आहे : २० पीसी, त्यातले ३ बंद, बाकीचे ४ जीबी रॅमचे. दोन जुने मॅनेज्ड स्विच. एक सिस्को २८११ राउटर, जो सुरू केला की कूलरचा आवाज ऐकू येत नाही. एक साधा वायफाय राउटर. पोरांचे मोबाईल. बजेट शून्य, एचओडी सर म्हणाले "बघा जमलं तर", म्हणजे नाही जमलं तर माझं अन् जमलं तर डिपार्टमेंटचं :)

विचारायचं हे की ॲस्टेरिस्क (पीसीला फोन एक्स्चेंज बनवणारं सॉफ्टवेअर) टाकू की सिस्को राउटरवरचं तसंच कॉल मॅनेजर एक्स्प्रेस? इंटरनेट लागेल का, कारण लॅबचं नेट दुपारी बारानंतर मरतं. अन् आयपी फोन जुने विकत घ्यावे का, की मोबाईलवरच्या ॲपवर भागेल?

तर्रीपोहा४४०
मॅडम पहिले नेट वाढवा, १०० एमबीपीएसचं लीज लाईन घ्या, त्याशिवाय व्हॉइप (नेटवर्कवरून फोन) चालतच नाही, माझ्या भावाच्या ऑफिसात हाच लफडा झाला होता.

बजाजनगरवाली_पुण्यात
तर्री भाऊ, पोहे खा अन् थोडं थांबा. फोन लॅबमधे, सर्व्हर लॅबमधे, बोलणारे लॅबमधे, तर पॅकेट बाहेर जाईलच कायले? नेटची केबल काढून ठेवली तरी चालतं, उलट शिकवताना काढूनच ठेवा म्हणजे पोरांना कळेल की "इंटरनेट फोन" मधला इंटरनेट म्हणजे आयपी, ब्रॉडबँडचं बिल नाही.

हिशोब सांगते. जी.७११ कोडेकमधे (कोडेक म्हणजे आवाज आकड्यांत बदलायची पद्धत) दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट, त्यात आवाजाचे १६० बाइट, त्यावर आयपी, यूडीपी अन् आरटीपी (आवाज नेणारा प्रोटोकॉल) मिळून ४० बाइट हेडर. २०० बाइट गुणिले सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे ८० केबीपीएस. इथरनेटचे १८ बाइट धरले तर ८७.२. हे एका दिशेचं. सर्व्हरमधून जाणाऱ्या प्रत्येक कॉलचे दोन पाय असतात, म्हणजे आठ जोड्या एकाच वेळी बोलल्या तरी सर्व्हरच्या केबलवर प्रत्येक दिशेला साधारण १.४ एमबीपीएस. लॅबच्या १०० एमबीपीएसच्या स्विचला त्याचा पत्ताही लागणार नाही.

मी पुण्यात हेच काम करते, पण मूळची बजाज नगरची, म्हणून सांगते : ॲस्टेरिस्क टाका. फुकट आहे, उबंटू २२.०४ वर एका कमांडने १८ नंबरचं व्हर्जन बसतं, पोरांना आतलं सगळं उघडून दाखवता येतं. आणि पहिला नंबर कोणाचा बनवायचा तर इकोचा. बोललं की तेच परत ऐकू यायला पाहिजे. दोन माणसांचा कॉल नंतर.

सदर_सिस्को
ॲस्टेरिस्कला विरोध नाही पण २८११ पडून आहे तर तो पण वापरा ना. सिलॅबसमधे सिस्को असेल तर परीक्षेत तेच विचारतात. कमांड या : टेलिफोनी-सर्व्हिस, मॅक्स-डीएन, मॅक्स-ईफोन, सोर्स ॲड्रेसला पोर्ट २०००, आणि डीएचसीपीत (फोनला पत्ता वाटणारी सेवा) ऑप्शन १५० विसरू नका, त्यातूनच फोनला कळतं की त्याची फाइल कोणत्या टीएफटीपी सर्व्हरवर आहे.

जुने फोन घेताना मात्र जपून. सिस्कोचे ७९४० आणि ७९६० बरेच स्वस्त मिळतात, पण ते सिस्कोच्या जुन्या पद्धतीच्या पॉवरवर चालतात, ८०२.३एएफ वाल्या साध्या पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देणाऱ्या) स्विचवर पेटत नाहीत, ४८ व्होल्टचा ॲडाप्टर वेगळा लागतो. शिवाय आत स्किनी (सिस्कोची स्वतःची बोली) प्रोटोकॉलचं फर्मवेअर असलं तर ॲस्टेरिस्कशी थेट सिपवर (कॉल लावायचा खुला प्रोटोकॉल) बोलत नाहीत. दुकानदार "चालू कंडिशन" म्हणतो ते खरंच असतं, डिस्प्ले लागतो ना.

जुनं_एक्स्चेंज
मी टेलिफोन खात्यातून रिटायर आहे, या नवीन गोष्टी नातवाकडून शिकलो. मॅडम, एक विनंती, पोरांना कमांड द्यायच्या आधी एक गोष्ट सांगा : कॉल लावणं अन् आवाज नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. आमच्याकडे सुद्धा वेगळीच होती. ई-१ लाईनमधे ३२ खण असायचे, शून्यावा खण ताळमेळासाठी, सोळाव्यात बहुतेक ठिकाणी सिग्नलिंग, उरलेल्या ३० मधे माणसांचे आवाज. प्रत्येक खण ६४ केबीपीएस. ते ६४ कुठून आले तर सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट. वर ताईंनी जो जी.७११ सांगितला तो हाच हो, १९७२ चा. भारतात अ-लॉ, अमेरिकेत म्यू-लॉ, तुम्ही अ-लॉ घ्या.

पॅकेट_पोट्टा
काका भारी सांगितलं, मले चार सेमिस्टरमधे कोणी हे ६४ कुठून आले ते नाई सांगितलं, पाठ करून राहिलो होतो.

अन् मॅडम, मोबाईलवर लिनफोन टाका, विंडोजवर मायक्रोसिप, दोन्ही कॉल करायची ॲप. हेडफोन पोट्टे घरून आणतीन. नाई आणले तर एकाच लॅबमधे दोन स्पीकर अन् दोन माइक, मग जी किंचाळी निघते ना, बाजूच्या लॅबचे सर धावत येतात. अनुभव आहे.

हिंगणारोड_लॅब
(गुरुवार, रात्री ११:१५)

ठरलं, ॲस्टेरिस्क. २८११ दुसऱ्या टप्प्यात. नंबर ४४०१ पासून दिले कारण नागपूरचा पिन ४४० ने सुरू होतो, एक पोरगा ०७१२ वर अडून बसला होता, त्याला सांगितलं की शून्याने सुरू होणारे नंबर आपण बाहेरच्या लाईनसाठी ठेवतो, तर म्हणे बाहेरची लाईन आहेच कुठे. बरोबरच आहे त्याचं. इको ४४९९ वर.

पण आता अडलं. सर्व्हर विंडोजच्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्समधे (पीसीच्या आत दुसरा नकली पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलाय, कारण लॅबचा विंडोज पुसायची परवानगी नाही. सिपचा ५०६० पोर्ट फॉरवर्ड केला (म्हणजे बाहेरून आलेलं आत पोचवलं), फोन रजिस्टर झाले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. ४४०१ वरून ४४०२ लावला, रिंग वाजली, उचलला, अन् दोन्हीकडे शुकशुकाट. "हॅलो हॅलो" करून गळे बसले. ४४९९ ला लावला तर बाईचा रेकॉर्ड केलेला इंग्रजी आवाज व्यवस्थित येतो, पण त्यानंतर मी बोलते ते परत येत नाही. अन् थोड्या वेळाने कॉल आपोआप कटतो.

दोन दिवस गेले यात. कूलरसमोर बसून पण घाम फुटला.

तर्रीपोहा४४०
फायरवॉल बंद करा.

हिंगणारोड_लॅब
केली. कालच. दोन्हीकडची.

सदर_सिस्को
कोडेक जुळत नसेल. एका टोकाला फक्त जी.७२९ ठेवलाय का?

बजाजनगरवाली_पुण्यात
कोडेक जुळला नसता तर कॉल उचललाच गेला नसता, ४८८ हा नकाराचा कोड येऊन मेला असता. इथे उचलला जातोय, रेकॉर्डिंग ऐकू येतंय. म्हणजे सर्व्हरकडून फोनकडे रस्ता मोकळा आहे, फोनकडून सर्व्हरकडे आवाज पोचत नाहीये. इको आधी बनवायला सांगितलं ते यासाठीच.

मॅडम एक काम करा, "थोड्या वेळाने कटतो" म्हणालात ना, मोबाईलच्या स्टॉपवॉचने मोजून सांगा किती सेकंदांनी. अंदाजे नको.

हिंगणारोड_लॅब
(शुक्रवार, दुपारी १:०५)
तीनदा मोजलं. ३२, ३२, ३२. हे काय जादूटोणा आहे?

बजाजनगरवाली_पुण्यात
जादूटोणा नाही, ३२ हा आमच्या धंद्यातला सगळ्यात ओळखीचा आकडा आहे :)

सिपमधे टी-१ नावाचं घड्याळ ५०० मिलिसेकंदांचं धरलेलं असतं. सर्व्हरने "२०० ओके" पाठवलं की फोनने "ॲक" पाठवून पोच द्यायची. पोच नाही आली तर सर्व्हर तेच ओके परत परत पाठवतो, अन् ६४ वेळा टी-१, म्हणजे ३२ सेकंद झाले की म्हणतो समोर कोणी नाही, अन् कॉल कापतो. तर तुमच्या फोनची पोच सर्व्हरला मिळत नाहीये. आवाजही पोचत नाहीये. दोन्ही एकाच चुकीच्या पत्त्यावर जात असणार. वायरशार्क (पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावा फोनच्या बाजूने, म्हणजे मायक्रोसिप ज्या पीसीवर आहे तिथे, टेलिफोनी मेनूत व्हॉइप कॉल्स, अन् २०० ओके उघडून दोन ओळी वाचा : कॉन्टॅक्ट, आणि खाली एसडीपीमधे (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा भाग) सी ने सुरू होणारी ओळ.

हिंगणारोड_लॅब
दोन्हीकडे १०.०.२.१५ लिहिलंय. आमची लॅब तर १९२.१६८.१० वर आहे!! हा पत्ता कोणाचा?

पॅकेट_पोट्टा
अबे हा तर व्हर्च्युअलबॉक्सचा!! नॅट मोडमधे (आतला पत्ता बाहेर बदलून दाखवायची पद्धत) गेस्टला, म्हणजे आतल्या नकली पीसीला, डिफॉल्ट १०.०.२.१५ च भेटते, माझ्या लॅपटॉपवर दहा वेळा पाहून राहिलो.

बजाजनगरवाली_पुण्यात
शाब्बास. बघा, बिचारा ॲस्टेरिस्क खोटं नाही बोलत, त्याला स्वतःचा जो पत्ता माहीत आहे तोच तो पत्रात लिहितो. पाकीट पोर्ट फॉरवर्डमधून आत आलं, त्यावरचा पत्ता व्हर्च्युअलबॉक्सने बदलला, पण पत्राच्या आत लिहिलेला पत्ता त्याने वाचलाच नाही. फोनने पत्र उघडलं, "आवाज १०.०.२.१५ वर पाठवा", अन् तो इमानदारीत तिकडे पाठवत बसला. लॅबमधे त्या नावाचं घरच नाही. उलट्या दिशेला सर्व्हर फोनला पाठवतो ते व्यवस्थित जातं, म्हणून बाईचा आवाज येत होता. फॉरवर्ड केलेला ५०६० फक्त सिपचा, आवाजाचे आरटीपी पोर्ट वेगळे, ॲस्टेरिस्कमधे सहसा १०००० ते २००००.

नॅट काढा, ब्रिज्ड ॲडाप्टर करा (म्हणजे नकली पीसी थेट लॅबच्या नेटवर्कवर येईल), सर्व्हरला लॅबचाच पक्का पत्ता द्या.

जुनं_एक्स्चेंज
म्हणजे आमच्या भाषेत, सोळावा खण चालू होता अन् बाकीचे ३० तुटलेले. रिंग वाजली म्हणजे फक्त रिंग वाजली. आम्ही पण फॉल्टला निघायच्या आधी विचारायचो, घंटा नाही की बोलणं नाही? लोक चिडायचे, "फोन बंद आहे म्हणून तर सांगून राहिलो", पण त्या एका प्रश्नावर अर्धी वाट वाचायची.

हिंगणारोड_लॅब
(शनिवार, संध्याकाळी ६:२०)

झालं!!!!! ब्रिज्ड केलं, नवीन मशीन बनवलं, सगळ्या फाइली हाताने परत लिहिल्या, अन् ४४९९ ने माझाच आवाज मला ऐकवला, मला माहीत नव्हतं मी इतकी नाकात बोलते. पोरांसाठी समोसे मागवले, स्वतःच्या पैशाने.

ती पत्र अन् पाकिटाची गोष्ट फळ्यावर काढून शिकवली, नॅटचं लेक्चर जे दोन तासात डोक्यात जात नव्हतं ते वीस मिनिटात गेलं.

पॅकेट_पोट्टा
मॅडम समोसे कुठचे?

सदर_सिस्को
धागा समोश्यावर नेऊ नका बे.

पॅकेट_पोट्टा
बरं बरं. मग माझा पण एक डाउट घ्या. आमच्याकडे खरी लॅब नाई, पॅकेट ट्रेसरच आहे. २९११ राउटर घेतला तर टेलिफोनी-सर्व्हिस कमांडच घेत नाई, अन् फोनचा डिस्प्ले काळाच राहते.

सदर_सिस्को
दोन वेगळी भानगड आहे. २९११ ला यूसी (फोनच्या सुविधांचं) लायसन्स चालू करावं लागतं, लायसन्स बूट मॉड्यूल वाली कमांड, यूसीके९ पॅकेज, मग सेव्ह करून रीलोड. तेवढा वैताग नको असेल तर २८११ घे, त्यात थेट चालतं. अन् फोन काळा कारण तू त्याला वीजच दिली नाहीस. फोनवर क्लिक कर, फिजिकल टॅब, तिथे ॲडाप्टर पडलेला दिसेल तो ओढून फोनच्या मागे लाव. दरवर्षी अर्धा वर्ग इथेच अडकतो. नंतर स्विचच्या पोर्टला व्हॉइस व्हीलॅन (आवाजासाठी वेगळं काढलेलं नेटवर्क) दे, नाहीतर ॲडाप्टर लावूनही "कॉन्फिगरिंग आयपी" वर बसून राहील.

पॅकेट_पोट्टा
ॲडाप्टर!! दोन रात्री गेल्या राजेहो. चाललं. धन्यवाद भाऊ.

हिंगणारोड_लॅब
(मंगळवार, रात्री १०:५०)

परत मी. आता वेगळंच भूत. पीसी ते पीसी मस्त. मोबाईल ते पीसी मस्त. मोबाईलवरून इको मस्त. पण मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर लावला की उचलल्याबरोबर "हॅ" एवढं ऐकू येतं अन् मग गप्प. "लो" येतच नाही. ३२ सेकंदाला कटत पण नाही, चालूच राहतो, नुसता मुका.

तर्रीपोहा४४०
मोबाईलचा माइक खराब.

हिंगणारोड_लॅब
सहा मोबाईलचे माइक एकदम कसे खराब होतील हो. अन् तेच मोबाईल इकोला बोलतात.

बजाजनगरवाली_पुण्यात
वाह, हा आणखी सुंदर फॉल्ट आहे. "हॅ" येतो अन् "लो" जातो, या दोघांच्या मधे काय बदललं ते शोधायचं. तुम्ही म्हणालात फाइली हाताने परत लिहिल्या, जुन्या फाइलमधे डायरेक्ट मीडिया नो अशी ओळ होती का?

हिंगणारोड_लॅब
होती. कुठून तरी कॉपी केलेली फाइल होती ती. नवीन लिहिताना अर्थ कळला नाही म्हणून सोडून दिली. चूक झाली का?

बजाजनगरवाली_पुण्यात
चूक नाही, शिक्षण. पीजेसिपमधे (ॲस्टेरिस्कचा सिप सांभाळणारा भाग) ती ओळ नसली तर ॲस्टेरिस्क धरून चालतो की होय. म्हणजे कॉल लागताना आवाज सर्व्हरमधून जातो, अन् लागला की सर्व्हर दोन्ही फोनला नवा इन्व्हाइट (कॉलचं निमंत्रण) पाठवून म्हणतो, आता तुम्ही एकमेकांशी थेट बोला, मी बाजूला होतो. "हॅ" सर्व्हरमधून आला. "लो" थेट निघाला अन् वाटेत मेला. पीसीला तो रस्ता मोकळा आहे, मोबाईल ते मोबाईल नाही. आता तुमच्या वायफाय राउटरमधे बघा, एपी आयसोलेशन किंवा क्लायंट आयसोलेशन (वायफायवरच्या मोबाईलांना एकमेकांशी बोलू न देणारं) नावाचा डबा टिक आहे का.

हिंगणारोड_लॅब
टिक आहे. दोन वर्षांपूर्वी मीच केली होती!! पोरं लॅबमधे मोबाईलवर एकमेकांत गेम खेळत होती म्हणून.

जुनं_एक्स्चेंज
हा हा हा. आपणच लावलेलं कुलूप.

सदर_सिस्को
मग आयसोलेशन काढा, सोपं.

बजाजनगरवाली_पुण्यात
मी म्हणेन आयसोलेशन राहू द्या, डायरेक्ट मीडिया नो करा. लॅबसाठी तेच बरं, सगळा आवाज सर्व्हरमधून गेला तर एकाच जागी वायरशार्क लावून पोरांना दाखवता येतो, अन् आठ-दहा कॉलचा भार त्या मशीनला काहीच नाही. शेकडो कॉल असते तर मी उलट सांगितलं असतं.

सदर_सिस्को
पण मग पोरांना खऱ्या जगात थेट मीडिया कसा चालतो ते दिसणार नाही.

बजाजनगरवाली_पुण्यात
एक दिवस होय करून दाखवा ना, "हॅ" वाला प्रयोग. मीच इतक्या वर्षात इतका स्वच्छ फॉल्ट क्वचित पाहिला, मुद्दाम बिघडवून परीक्षेत द्यायच्या लायकीचा आहे.

हिंगणारोड_लॅब
हे लिहून ठेवलं. ओरलला हाच देणार.

महालातली_विद्यार्थिनी
मॅडम, मी हाच धागा वाचून आमच्या हॉस्टेलच्या रूमवर रास्पबेरी पायवर (छोटा कॉम्प्युटर) केलं, दोन मजल्यांत फोन चालू झाले! आता विचार असा की एक सिमवालं गेटवे जोडलं तर पोरी घरी फुकटात बोलू शकतील, सगळ्या मिळून एकच रिचार्ज...

जुनं_एक्स्चेंज
बेटा, इथे थांब. आपापल्या इमारतीत आपापले फोन जोडणं वेगळं, अन् बाहेरच्या टेलिफोन नेटवर्कला जोडून लोकांचे कॉल फिरवणं वेगळं. दुसऱ्याला लायसन्स लागतं. सिम बॉक्स लावून चालवलेल्या अनधिकृत एक्स्चेंजवर पोलिसांच्या धाडी पडतात, सामान जप्त होतं. हौसेचं प्रोजेक्ट आहे, हौसेपुरतंच राहू दे. घरी बोलायला मोबाईल आहेच ना तुझ्याकडे.

बजाजनगरवाली_पुण्यात
काकांना पूर्ण अनुमोदन. अन् त्या पायला हॉस्टेलच्या राउटरवरून पब्लिक पोर्ट उघडू नकोस. ५०६० बाहेर दिसला की थोड्याच वेळात कुठले कुठले बॉट येऊन १०१ पासवर्ड १०१ असं ठोकून बघायला लागतात. नंबर अन् पासवर्ड एकच ठेवला नाहीस ना?

महालातली_विद्यार्थिनी
...बदलते आत्ता.

तर्रीपोहा४४०
मी पण आमच्या दुकानात लावू का, गोडाऊन ते काउंटर? खरंच विचारतो, मजाक नाही. इतवारीत आहे दुकान, भिंत इतकी जाड की मोबाईलला रेंज नाही.

बजाजनगरवाली_पुण्यात
लावा ना भाऊ, तुमच्यासाठीच तर आहे हे. ॲस्टेरिस्कचा जन्मच असा झाला, १९९९ मधे मार्क स्पेन्सर नावाच्या पोराने लिनक्स सपोर्टची छोटी कंपनी काढली, फोन सिस्टीम विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून स्वतःच लिहिली. गोडाऊनमधे केबल ओढा, वायफायवर विसंबू नका. बिघडलं तर इथे विचारा, फक्त "फायरवॉल बंद करा" असं उत्तर मिळणार नाही.

तर्रीपोहा४४०
लागलं बरं का ताई :(

हिंगणारोड_लॅब
(शनिवार, दुपारी ३:३०)

शेवटचा त्रास सांगते अन् मग तुम्हाला मोकळं करते. आज सगळ्या बॅचने एकदम कॉल लावले तर आवाज तुटायला लागला, पाण्याखालून बोलल्यासारखा. मी काल स्विचवर क्यूओएस (आवाजाला आधी जाऊ द्यायची सोय) चालू केलं होतं, आवाजाच्या पॅकेटवर ४६ चा डीएससीपी (प्राधान्याची खूण) पण लावला, तरी.

सदर_सिस्को
नुसतं एमएलएस क्यूओएस चालू केलं का? जुन्या २९६० टाइप स्विचमधे ते चालू करून पोर्टवर ट्रस्ट (आलेल्या खुणेवर विश्वास ठेव) नाही दिलं तर स्विच आलेली खूण पुसून शून्य करतो. म्हणजे न लावण्यापेक्षा वाईट. एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी द्या प्रत्येक पोर्टला.

जुनं_एक्स्चेंज
ते तर द्याच. पण मॅडम, १०० एमबीपीएसच्या लाईनवर दीड एमबीपीएसचं बोलणं तुटतं म्हणजे लाईनवर दुसरं कोणीतरी बसलंय. सर्व्हरच्या पीसीवर आणखी काय चालतं?

हिंगणारोड_लॅब
...उबंटूची आयएसओ फाइल शेअर केली आहे त्याच पीसीवरून. अन् आज सतरा पोरं ती कॉपी करत होती. एकदम.

काका तुम्ही लॅबमधे येऊन पाहून गेलात का? शेअर दुसऱ्या पीसीवर हलवलं, ट्रस्टही दिलं, आवाज काचेसारखा. दोन्ही एकदम केल्यामुळे कशाने सुधारलं ते सांगता येत नाही, पण पोरांना वाटतं ट्रस्टने अन् मला वाटतं आयएसओने.

जुनं_एक्स्चेंज
तुमचंच बरोबर. पीसीच्या तोंडाशीच गर्दी होती, स्विच पुढचा.

हिंगणारोड_लॅब
(पुढच्या आठवड्यात, बुधवार)

प्रॅक्टिकल परीक्षा झाली. बाहेरून आलेले एक्स्टर्नल सर सीनियर, गंभीर, कोणाशी जास्त बोलत नाहीत. मी "हॅ" वाला फॉल्ट एका मोबाईल जोडीवर लावून ठेवला होता, नऊ ग्रुपपैकी चारांनी पकडला, एकाने तर स्वतःहून वायफायच्या टिकपर्यंत जाऊन दाखवला. मग सर म्हणाले मला पण एक लावून द्या, अन् पोराने त्यांच्या हातात ४४९९ लावून दिला. सूचना इंग्रजीत झाली ती त्यांनी ऐकलीच नाही, कोणाला तरी काही सांगत होते.

"हॅलो."
"हॅलो."
"कोण बोलतंय?"
"कोण बोलतंय?"
"मी विचारतोय कोण बोलतंय!"

अर्धा मिनिट चाललं. सगळी लॅब तोंडात रुमाल घालून. मग सरांनी फोन खाली ठेवला, चष्मा काढला, अन् म्हणाले, "आवाज छान येतोय." सगळ्यांना पास.

पॅकेट_पोट्टा
😂😂😂 मॅडम फाइली टाका ना इथे, आमच्या लॅबले पण लागतीन.

हिंगणारोड_लॅब
सोमवारी टाकते, पासवर्ड काढून. आत्ता लॅबमधे कूलरचं पाणी संपलंय, टाकी कोण भरणार यावर वाद चालू आहे, अन् पोरं तो वाद ४४०३ वरून ४४०७ ला लावून करतायत.